चिरंजीवांची लाल गाडी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले पाच महिने मी अमेरिकेत मुलाकडे होते, हे नातेवाईकांना ठाऊकच आहे. आल्यापासून प्रत्येकाचा एकच प्रश्न, "काय काय पाहिलंत?" पाहिलं हो सगळं, नायगारासुद्धा पाहिला. पण खरं सांगू? या खेपेला माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो चिरंजीवांच्या गॅरेजमध्ये. पंचवीस वर्षांहून जुनी एक लाल मोटार आणि तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर मी.

परवा घरी पूजेला सगळे जमले होते, तेव्हा त्या गाडीचा विषय निघाला. एक पुतण्या म्हणाला, "काकू, दादा एवढा कमावतो, मग त्या खटाऱ्यावर कशाला पैसे उधळतो? सरळ नवी घ्यावी की." सगळे हसले. मी तेव्हा काही बोलले नाही, तोंडात घास होता. आज मात्र सविस्तर उत्तर देणार आहे. माझं मत सगळ्यांना पटेलच असं नाही, पण ते बनायला पाच महिने लागले आहेत, तेव्हा ऐकून घ्या.

आधी गाडीची ओळख. गाडी माझदा कंपनीची मियाटा, १९९९ सालची. दोनच माणसं बसतात, छप्पर हाताने मागे टाकता येतं, आणि इतकी बुटकी की माझ्यासारखीला आत बसायला आधी पाठ टेकवावी लागते आणि मग पाय ओढून घ्यावे लागतात. ही गाडी पहिल्यांदा १९८९ साली आली आणि २०१६ साली तिने दहा लाखांचा आकडा गाठला. जपानी लोक म्हणतात, हिच्यात घोडा आणि स्वार एक झाल्यासारखं वाटलं पाहिजे. आपल्याकडे मांड पक्की असणं म्हणतात ना, तेच. इंजिन १.८ लिटरचं, कारखान्यातून निघालं तेव्हा १४० अश्वशक्तीचं. वजन एक टनाच्या थोडं वर. सूनबाई तिला 'सवत' म्हणते. :-)

तर या सवतीच्या इंजिनावर चिरंजीवांनी बाहेरून आणून एक सुपरचार्जर बसवला आहे. त्या सुपरचार्जरची किंमत जुन्या गाडीपेक्षा जास्त. म्हणजे पुतण्याचा हिशेब पैशापुरता बरोबर आहे, हे मी आधीच कबूल करते. पैशाचाच प्रश्न असेल तर हा उद्योग करूच नये.

आता सुपरचार्जर म्हणजे काय? मी बी.ए. मराठीची बाई, मला समजलं तसं सांगते. लोहाराचा भाता आठवा. कोळसा तोच, भट्टी तीच, पण भाता ओढला की जाळ कसा फुलतो! इंजिन एरवी स्वतःच्या दमाने श्वास घेतं. सुपरचार्जर म्हणजे त्याच्या नाकाशी लावलेला भाता, तोही इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा. आत दोन पिळदार दांडे एकमेकांत न अडकता फिरतात आणि हवा पुढे ढकलतात. जास्त हवा आत गेली की जास्त पेट्रोल जाळता येतं आणि ताकद वाढते.

ही भात्याची उपमा मी माझ्या मनानेच केली होती, पण ती इतिहासातही बसते. या प्रकारच्या पंख्याला रूट्स म्हणतात, कारण तो अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रूट्स नावाच्या दोन भावांनी १८६० च्या दशकात प्रचारात आणला. त्यांची लोकरीची गिरणी होती. ते पाण्यावर चालणारं यंत्र सुधारायला गेले आणि यंत्र निघालं हवा फेकणारं. मग ते लोखंडाच्या भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायला वापरलं गेलं. म्हणजे खरोखरच भाता! पुढे १९३८ पासून डेट्रॉइटच्या डिझेल इंजिनांवर असेच पंखे बसू लागले, आणि जुन्या ट्रक-बसचे ते पंखे काढून हौशी पोरांनी आपल्या मोटारींवर चढवले. चिरंजीव राहतात ते मिशिगनमध्येच, डेट्रॉइटपासून तासाभराच्या आत. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या मोटारींची जत्रा भरते, १९९५ पासून. आम्ही गेलो होतो. बॉनेट कापून वर काढलेले ते चकचकीत भाते पाहून मला आमच्या गावच्या यात्रेतल्या सजवलेल्या बैलांची आठवण झाली. मालकांच्या चेहऱ्यावर भावही तोच.

असो. मुद्द्यावर येते.

मला वाटायचं, भाता बसवला, पट्टा लावला, झालं काम. चिरंजीव म्हणाले, "आई, बसवायला दोन शनिवार-रविवार लागले. जुळवायला दोन वर्षं झाली, अजून चाललंय." या 'जुळवण्या'ला ते ट्यूनिंग म्हणतात आणि माझं सगळं म्हणणं या जुळवण्याविषयीच आहे.

गणित असं आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १४.७ पौंड. हा भाता आणखी सहा पौंडांचा दाब देतो. म्हणजे कागदावर चाळीस टक्के जास्त हवा. पण सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो ना? तसं हवा दाबली की तापते, तापली की विरळ होते, शिवाय भाता फिरवायला इंजिनाचीच थोडी ताकद खर्च होते. त्यामुळे चाळीस टक्के कुठले, हाती लागतं ते त्याहून कमी. पाहुण्यांना वाढायला घेतलं की स्वयंपाकघरात थोडं सांडतंच, तसं.

वाढलेल्या हवेला पेट्रोलही वाढवून द्यावं लागतं. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पुरता जळायला हवेचे १४.७ भाग लागतात (हाही १४.७ च! मला आधी वाटलं चिरंजीव चेष्टा करताहेत. दोन्ही आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग). पण भाता जोरात असताना बाराच्या आसपास हवा ठेवतात, म्हणजे पेट्रोल मुद्दाम जास्त, कारण त्याने आतली आग जरा थंड राहते. मग मोठे इंजेक्टर आले, स्पार्क प्लग एक नंबर थंड जातीचे आले, पेट्रोल तिकडच्या मोजणीने ९३ ऑक्टेनचं आलं आणि हे सगळं सांभाळणारा वेगळा कॉम्प्युटर आला.

त्या कॉम्प्युटरमध्ये एक तक्ता असतो. सोळा ओळी, सोळा रकाने, एकूण २५६ घरं. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला आतला दाब. प्रत्येक घरात एक आकडा, की या वेगाला, या दाबाला किती पेट्रोल द्यायचं. असाच दुसरा तक्ता ठिणगी कधी पाडायची त्याचा. मी चाळीस मुलांचं प्रगतिपुस्तक हाताने भरलेली बाई आहे, मला ते बघून अगदी घरच्यासारखं वाटलं! चिरंजीव गाडी चालवून आले की लॅपटॉपवर नोंदी बघायचे आणि मी वहीत तारीख, हवेचं तापमान, कोणती घरं बदलली आणि काय फरक पडला ते लिहायची. पाच महिन्यांत दोनशे पानी वही संपत आली. चिरंजीवांकडे सगळं लॅपटॉपमध्ये असतंच, पण "तीन आठवड्यांपूर्वी हे का बदललं होतं?" या प्रश्नाचं उत्तर फक्त माझ्या वहीत असायचं.

आता माझं पहिलं मत. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं गणित चालत नाही.

तीन वर्षांपूर्वी चिरंजीवांचं आधीचं इंजिन गेलं. सुपरचार्जर नवीन होता, उत्साह दांडगा, आणि याच जातीची गाडी असलेल्या एका दूरच्या परिचिताने आपला जुळवलेला तक्ता जसाच्या तसा पाठवून दिला. "माझी गाडी या आकड्यांवर सुरेख पळते." पळत असेलही. पण त्याचं गाव वेगळं, हवा वेगळी, इंजिनाची झीज वेगळी. चिरंजीवांच्या गाडीत तो तक्ता घातला, दोन महिने गाडी भन्नाट पळाली, आणि एका दुपारी हायवेवर चढताना तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंगजवळची कड तुटली. निळा धूर, टोइंगची गाडी, आणि सूनबाईचं मौनव्रत. भंगाराच्या यार्डातून दुसरं इंजिन आणून बसवलं.

म्हणून या खेपेला त्यांनी तक्ता रिकाम्यापासून सुरू केला होता. वेळ लागतो, पण प्रत्येक घरातला आकडा का आहे ते सांगता येतं. मी आयुष्यभर मुलांना हेच सांगत आले. उत्तर चुकलं तरी चालेल, पण रीत तुझी हवी.

दुसरं मत. आधी आयडलिंग, मग जोर.

या छंदातल्या लोकांना विचारा, "किती अश्वशक्ती काढलीस?" लगेच आकडा सांगतील. "सिग्नलला उभी असताना एसी लावला तर बंद पडते का?" असं विचारा, विषय बदलतील. :-) चिरंजीवांची गाडी मी गेले तेव्हा तशीच होती. मोकळ्या रस्त्यावर वाघीण आणि सिग्नलला आजारी शेळी. मोठे इंजेक्टर लावले की थेंबभर पेट्रोल सोडणं त्यांना जड जातं. पाण्याच्या मोठ्या नळाने निरांजनात तेल घालण्यासारखं. एसी सुरू झाला की फेरे खाली यायचे, कॉम्प्युटर घाबरून हवा वाढवायचा, मग फेरे उगाच वर जायचे, पुन्हा खाली. सूनबाई एकदाच ती गाडी घेऊन वाणसामान आणायला गेली आणि दुकानासमोरच्या सिग्नलवर तीनदा बंद पडली. तेव्हापासून तिने शिवली नाही.

मी चिरंजीवांना म्हटलं, "तू ही गाडी दिवसातून किती वेळ पूर्ण जोरात चालवतोस?" नोंदी काढून बघितलं तर तासाभराच्या फेरीत जेमतेम काही सेकंद! बाकी सगळा वेळ हळू, मध्यम, नाहीतर उभी. त्या वेळी तर भात्याची हवासुद्धा एका झडपेतून मागच्या मागे फिरवून दिलेली असते. मग शनिवार-रविवार सगळे त्या काही सेकंदांसाठी घालवायचे आणि उरलेला तास तसाच सोडायचा, हे कुठलं शहाणपण? माझ्या वर्गात पहिला-दुसरा नंबर काढणारी चार मुलं असायची. त्यांच्याकडे मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळ्यांचं लक्ष. पण वर्ग चालतो तो उरलेल्या छत्तीस जणांवर.

त्यांनी ऐकलं. जून-जुलै आम्ही फक्त हळू चालीवर घालवला. त्यातली सगळ्यात चिवट गोष्ट म्हणजे सकाळची थंड सुरुवात. इंजिन रात्रभर थंड झालेलं असलं तरच ती तपासता येते, म्हणून दिवसाला एकच संधी. एक आकडा बदलायचा, चावी फिरवायची, काय झालं ते लिहायचं, आणि पुढचा प्रयोग उद्या. मे महिन्यात मी पोचले तेव्हा पहाटे सात-आठ अंश असायचं. मी शाल गुंडाळून, चहाचा कप घेऊन वही उघडून तयार. आमच्या दोघांच्या इतक्या सकाळी इतक्या निवांत गप्पा तो शाळेत होता तेव्हाही झाल्या नव्हत्या. जुलैअखेर सूनबाई गाडी घेऊन त्याच दुकानात गेली, एसी लावून, आणि न बंद पडता परत आली. मला विचाराल तर त्या गाडीची सगळ्यात मोठी कामगिरी ती.

तिसरं मत जरा कडक आहे. जोर मोजायची जागा रस्ता नव्हे.

पूर्ण जोराचे आकडे जुळवायला तिसऱ्या गियरमध्ये खालपासून वरपर्यंत एका दमात गाडी ताणावी लागते. बरेच लोक रात्री रिकामा रस्ता बघून हे करतात, शेजारी कुणीतरी लॅपटॉप घेऊन बसतं. चिरंजीवही करायचे. मी सरळ सांगितलं, मी शेजारी बसणार नाही आणि तू गेलास तर मी दारात बसून राहीन. (ही युक्ती तो दहावीत असल्यापासून मी वापरते.) रस्ता रिकामा दिसतो, पण हरणाला काय माहीत! मिशिगनमध्ये संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. शेवटी त्यांनी तासाच्या भाड्याने डायनो घेतला. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले रूळ. गाडीची चाकं त्यावर फिरतात, गाडी जागची हलत नाही, आणि ताकद मोजली जाते.

धुराचंही तेच. सायलेंसरच्या नळीत धूर शुद्ध करणारा जो डबा असतो, तो काढला तर थोडी ताकद मिळते म्हणतात. अमेरिकेच्या कायद्याने तो काढता येत नाही. मिशिगनमध्ये धुराची नियमित तपासणी होत नाही, म्हणून काही लोक काढतातच. कॅलिफोर्नियात तर असला भाता बसवायचा तर त्याला मंजुरीचा क्रमांक लागतो. चिरंजीवांनी डबा ठेवला आहे, हे मी मुद्दाम वाकून पाहिलं. आणि इथल्या भाचेमंडळींनो, तुमच्या डोळ्यांतली चमक मला दिसते आहे, म्हणून सांगते. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे मनाचे बदल करता येत नाहीत. मावशीने सांगितलं म्हणून केलं, असं कुणी म्हणायचं नाही.

आता शेवटचं मत, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले.

इंजिनात एक दुखणं असतं, त्याला नॉकिंग म्हणतात. ठिणगी पडल्यावर आग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिस्तीत पसरायला हवी. पण दाब आणि उष्णता फार झाली की कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आग पोचायच्या आधीच आपोआप भडकतं. तो तडाखा पिस्टनवर बसतो. आधीचं इंजिन त्यानेच गेलं. वाईट गोष्ट म्हणजे तेव्हा ताकद कमी झालेली जाणवत नाही. उलट गाडी अगदी जोरात असते. आवाज येतो, पण भात्याच्या शिट्टीत आणि वाऱ्यात तो ऐकूच येत नाही.

म्हणून हे लोक एक देशी युक्ती करतात. तांब्याच्या नळीचं टोक चपटं करून इंजिनाच्या अंगाला बोल्टने आवळतात, तिला रबरी नळी जोडतात आणि ती कानावरच्या जाड टोपणांत आणून सोडतात. डॉक्टरांचा स्टेथॉस्कोपच म्हणा ना. डायनोवर चिरंजीव गाडीत, दुकानाचा माणूस पडद्यासमोर, मग ती टोपणं कुणी घालायची? मी म्हटलं, आण इकडे. चौतीस वर्षं फळ्याकडे तोंड करून शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकली आहे मी.

पहिल्या दोन खेपा नीट गेल्या. इंजिनाचा आवाज नळीतून दळणासारखा येतो, घरघर, एकसारखी. तिसऱ्या खेपेला चिरंजीवांनी ठिणगी थोडी आधी पाडायला सांगितली होती. पडद्यावर ताकद वाढलेली दिसली, पेट्रोलचा आकडा चोख, दुकानाचा माणूस अंगठा वर करून हसला. मला मात्र मध्येच, घरघरीच्या आत, पत्र्याच्या डब्यात चार तुरीचे दाणे हलवावेत तसं ऐकू आलं. क्षणभरच. मी हात वर केला.

चिरंजीव म्हणाले, "आई, नोंदीत काही दिसत नाही गं."

मी म्हटलं, "नोंदीत नसेल. बोललं ते मी ऐकलं."

त्यांनी स्पार्क प्लग काढून बघितले. भिंगाखाली तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड उडाल्यासारखे बारीक काळे ठिपके, त्यात एक-दोन चमकणारे. चमकणारे म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. पुन्हा तेच तिसरं सिलिंडर. ठिणगी दोन अंश मागे घेतली. चार अश्वशक्ती गेल्या. पुढच्या खेपेला घरघर एकसारखी.

दुकानाच्या माणसाने माझ्याशी हात मिळवला, वगैरे. पण परत येताना मला काही बरं वाटेना.

जवळच्या नातेवाईकांना आठवत असेल, १९९४ साली चिरंजीव बारावीला होते. त्यांना दहावीनंतरच मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. घरातली लूना त्यांनी दोनदा पूर्ण उलगडून पुन्हा जोडली होती. मी नाही म्हटलं. शेजारच्या एका मुलाने सायन्स घेऊन गुणवत्ता यादीत नाव आणलं होतं. मी त्याच्या आईकडून त्याचं वेळापत्रक मागून आणलं आणि जसंच्या तसं आमच्या भिंतीवर चिकटवलं. पहाटे चार ते रात्री अकरा, दोन क्लास, रविवारी सराव परीक्षा. सहामाहीत मार्क वाढलेसुद्धा! मी खूश. त्या हिवाळ्यात त्याचं डोकं दुखायचं, जेवण कमी झालं होतं, बोलणं तर थांबलंच होतं. मला ती नाटकं वाटली. मार्क वाढताहेत ना, मग? फेब्रुवारीत एके रात्री तो घरातून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिरज स्टेशनवर सापडला. आम्ही कुणाला फारसं सांगितलं नाही. 'मामाकडे गेला होता' असं सांगितलं. आज इथे लिहिते आहे, त्याला विचारूनच.

पुढे सगळं ठीक झालं, कॉम्प्युटर शिकला, नोकरी लागली, परदेशी गेला. लोक म्हणाले, बाईंनी मुलाला घडवलं. मीही ते खरं मानलं, तीस वर्षं.

डायनोहून आल्यावर रात्री गॅरेजमध्ये मी त्याला म्हटलं, "तुझा तक्तासुद्धा मी दुसऱ्याच्या वहीतून उतरवला होता रे."

तो गाडीखाली होता. थोडा वेळ काही बोलला नाही. मग हात बाहेर काढून म्हणाला, "दहाचा पाना दे."

मी दिला. त्याने तो घेतला आणि माझा हात जरा वेळ सोडला नाही. बस, एवढंच. आमच्यात यापेक्षा जास्त बोलायची पद्धत नाही.

इतिहासाची शिक्षिका म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३० साली फ्रान्समध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बेंटली कंपनीच्या भाता लावलेल्या मोटारी उतरल्या होत्या. खुद्द वॉल्टर ओवेन बेंटली यांचा भात्याला विरोध होता. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, लहान इंजिनात कोंबू नका, असं त्यांचं मत. टिम बर्किन नावाच्या शर्यतपटूने हट्टाने भाता लावून घेतला. भात्याच्या गाड्या सुरुवातीला वाऱ्यासारख्या धावल्या, पण चोवीस तास टिकल्या नाहीत. जिंकली ती भाता नसलेली, मोठ्या इंजिनाची बेंटलीच. मी हे वाचून चिरंजीवांना ऐकवलं. मला वाटलं आता निरुत्तर होतील! ते म्हणाले, "आई, चुकला तो भाता नव्हे. चोवीस तास पुरेल एवढाच जोर किती, ते कुणी ऐकून ठरवलं नाही." यातलं इंजिनिअरिंग कितपत बरोबर आहे ते जाणकारांनी सांगावं. पण शिक्षक म्हणून मला ते पटलं.

तर पुतणेबुवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नवी गाडी घेतली की तिच्यात ताकद असते, पण ती कुणी दुसऱ्याने जुळवलेली असते. तुझ्या दादाला ती स्वतः जुळवायची होती. पैशाच्या दृष्टीने तो वेडेपणा आहे, मान्य. पण अठराव्या वर्षी जे करायला मिळालं नाही ते माणूस पन्नाशीला आला असताना, स्वतःच्या पैशाने, कुणाला धोका न देता करत असेल, तर आपण त्याला खटारा म्हणू नये. आणि मी तर नाहीच नाही.

आता नात दहावीत आहे, तिकडची दहावी. सूनबाई तिच्यासाठी क्लास बघते आहे. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला विचारलं, "आई, तुम्हाला काय वाटतं, एक लावू की दोन?" चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर मला याचं उत्तर तोंडपाठ असायला हवं होतं. मी म्हटलं, "आधी दोन आठवडे संध्याकाळी तिच्याशेजारी नुसती बस. काही विचारू नकोस. मग ठरव."

सप्टेंबरच्या शेवटच्या सकाळी गार हवा पडली होती. गार हवा दाट असते, गाडीला चांगली मानवते. चिरंजीवांनी मला एक चक्कर मारून आणली, छप्पर उघडं टाकून, हळूहळू. नोव्हेंबरात तिकडे रस्त्यावर मीठ टाकू लागले की ही गाडी गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर चढते, नाहीतर खालचा पत्रा गंजतो. एप्रिलमध्ये पुन्हा बाहेर येईल. वही तिथेच ठेवून आले आहे. दहा-बारा पानं शिल्लक आहेत.

तुमच्याकडेही असा कुणी वेडा असेल तर जरूर कळवा. आणि त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसता येत असेल, तर बसा.